पांझरेकाठचा असिस्टंट इंजिनिअर

१८८४ साली धुळ्याला आगगाडी नव्हती. चाळीसगावहून धुळ्यापर्यंत रूळ आले ते १९०० मध्ये. एकत्र खानदेशाचं मुख्य ठाणं असलं, तरी गाव लहानच. इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जच्या काळात आखलेल्या सरळ पेठा, कचेऱ्या आणि शेजारून वाहणारी पांझरा. मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचा एक नवा असिस्टंट इंजिनिअर त्या वर्षी इथे कामाला लागला. वय तेविशीच्या आसपास, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून एल.सी.ई. (स्थापत्य अभियांत्रिकीची परीक्षा) झालेला, १८८३ च्या परीक्षेत पहिला आलेला. नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचा हा मुलगा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर पुण्यात शिकला होता. ज्या कॉलेजात तो शिकला, त्याची सुरुवात १८५४ मध्ये झाली ती इमारती, कालवे, रेल्वे आणि पुलांच्या कामांवर दुय्यम अधिकारी पुरवण्यासाठी. वरच्या जागा बहुतेक गोऱ्या साहेबांच्या. पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला मात्र थेट असिस्टंट इंजिनिअरची नेमणूक मिळे. ती त्यांना मिळाली आणि वाट्याला आला खानदेश.

आज विश्वेश्वरय्या म्हटलं की कृष्णराजसागर आठवतो, म्हैसूरचं दिवाणपद आठवतं, १९५५ चं भारतरत्न आठवतं. धुळ्याचा उल्लेख चरित्रांतून दोन-चार ओळींत उरकला जातो. हे योग्य नाही. पुढे ज्या दोन गोष्टींसाठी त्यांचं नाव झालं, पाणी वळवण्याची युक्ती आणि पाणी वाटण्याची शिस्त, त्या दोन्ही गोष्टींशी त्यांची पहिली गाठ इथेच पडली.

पहिलं मोठं काम होतं साक्री तालुक्यातल्या दातर्तीला. बंधाऱ्यातून निघालेला पाट वाटेत पांझरेच्या एका प्रवाहाशी अडत होता. पाणी पलीकडे न्यायचं, तर प्रवाहावरून पूल बांधून न्या, नाहीतर त्याच्या तळाखालून न्या. ठरलं ते खालून न्यायचं, म्हणजेच सायफन. अलीकडच्या काठाला पाणी नळात उतरतं, तळाखालून पलीकडे जातं आणि पुन्हा वर चढून पुढच्या पाटाला लागतं. पंप लागत नाही, माणूस लागत नाही. दोन्ही तोंडांच्या पातळीतला फरक नेमका धरावा लागतो. तो कमी पडला, तर नळातलं घर्षणच पाण्याचा जोर खाऊन टाकतं.

कागदावर हे सोपं. खणायचं होतं मात्र नदीच्या पात्रात, आणि तोंडावर पावसाळा. पुराबरोबर आलेली वाळू खोदकामात भरू लागली. पाऊस ओसरेपर्यंत काम थांबवावं, असं तरुण इंजिनिअरने वरिष्ठांना लिहिलं. कार्यकारी अभियंत्याला त्यात कामाची टाळाटाळ दिसली आणि तसं उत्तरही आलं. विश्वेश्वरय्यांनी वाद घातला नाही. भर पावसात काम चालू ठेवलं आणि तडीस नेलं. एकदा तर पुराने वाट अडवली, तेव्हा पोहून प्रवाह ओलांडावा लागला. पुढे त्याच वरिष्ठाने त्यांच्या कामाची वाखाणणी केली. खात्याच्या परीक्षाही त्यांनी याच काळात दिल्या आणि धुळ्याच्या पाणीपुरवठ्याच्या कामावरही देखरेख केली. इथला मुक्काम सगळा मिळून दोन वर्षांचाही नव्हता.

त्या मुक्कामात त्यांच्या आजूबाजूला होती ती फड पद्धत. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर शेतकऱ्यांनी शेकडो वर्षं चालवलेली ही सिंचनाची रीत. नदीत दगड-चुन्याचा बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार भाग, म्हणजेच फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा या फडात ऊस, तर पुढच्या वर्षी दुसऱ्यात. बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात, म्हणून पाणी कमी पडलं तर झळ सगळ्यांना सारखी. पाणी सोडणारा पाटकरी, पिकाची राखण करणारा जागल्या, भांडण सोडवणारे पंच. पाटातला गाळ काढायला सगळ्यांनी मिळून उतरायचं. कुणी कितीही मोठा जमीनदार असो, पाण्याची पाळी त्याच्यासाठी मोडत नसे.

आता पुढची गोष्ट पाहा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, पुण्याकडच्या पाटबंधाऱ्यांची जबाबदारी हाती असताना, विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. पाणी वाटेल तिकडे विखरू द्यायचं नाही. भिजणारी जमीन सलग गटांत बांधायची, गटातल्या ठरावीक भागातच ऊस, बाकीच्यात इतर पिकं, आणि पाळीपाळीने फेरबदल. ऊसवाल्या बड्या बागायतदारांनी विरोध केला. विश्वेश्वरय्यांनी शेतकऱ्यांना समजावून योजना मार्गी लावली. फड आणि ब्लॉक शेजारी ठेवून बघा, साम्य डोळ्यांत भरतं. पांझरेकाठी पाहिलेलं नीरेकाठी उतरलं, असं मानायला माझ्या मते भरपूर जागा आहे. फरक एकच, आणि तो मोठा आहे: फडात नियम गावाचा होता, ब्लॉकमध्ये तो सरकारचा झाला.

पुण्याजवळच्या खडकवासला धरणाचे स्वयंचलित दरवाजे याच काळातले, १९०३ चे. धरणाची भिंत न उंचावता साठ्याची पातळी सुमारे ८ फुटांनी वाढली. पाणी ठरल्या उंचीवर गेलं की दरवाजे आपोआप उघडत आणि उतरलं की मिटत. या शोधाचं पेटंट त्यांच्या नावावर होतं, पण सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामाचे पैसे घेणं त्यांना पटलं नाही. सक्कर, सुरत, एडन, कोल्हापूर अशी पाणीपुरवठ्याची कामं करत मुंबई सरकारची नोकरी संपली. पुढे हैदराबाद आणि म्हैसूर, तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

दरवर्षी १५ सप्टेंबरला, अभियंता दिनी, महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत त्यांच्या तसबिरीला हार घातला जातो. त्याच दिवशी विद्यार्थ्यांची एक तुकडी पांझरेकाठी न्यावी. बंधारे, पाट आणि फडाच्या जुन्या हद्दी मोजून घ्याव्यात, नकाशे काढावेत, आणि ज्यांनी पाळ्या लावल्या त्या म्हाताऱ्या पाटकऱ्यांना जवळ बसून विचारावं. अनेक बंधाऱ्यांत गाळ साचला आहे आणि विहिरी-मोटारींच्या दिवसांत फडाच्या पाळ्याही मोडल्या आहेत. ही नोंद आताच व्हायला हवी.