हृदयशूळ

हृदयशूळ : हृदयाच्या स्नायूला गरजेइतके रक्त न मिळाल्याने छातीत होणारी वेदना. बोलण्यात ‘अंजायना’ हेच नाव रूढ आहे. हा स्वतंत्र रोग नव्हे, लक्षण आहे. बहुधा त्याच्या मुळाशी हृदयरोहिण्यांच्या आतल्या थरात साचलेली मेदयुक्त पुटे असतात.

हृदयाचा स्नायू विश्रांतीतही रक्तातला सुमारे ७० टक्के ऑक्सिजन काढून घेतो. काम वाढले की जास्त रक्त मिळवणे, एवढाच मार्ग त्याला उरतो. अरुंद रोहिणी बसल्या जागी पुरी पडते, जिना चढताना पडत नाही. शिवाय डाव्या जवनिकेच्या स्नायूला रक्त मिळते ते मुख्यतः हृदय सैल पडते त्या वेळी. नाडी जलद झाली की नेमका तोच अवधी आखडतो.

लंडनचे वैद्य विल्यम हेबर्डन यांनी १७६८ मध्ये या विकाराचे वर्णन वाचून दाखवले. ते १७७२ मध्ये छापून आले. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, छाती आवळते आणि थांबताच आराम पडतो, हे त्यांचे निरीक्षण आजही निदानाचा पाया आहे. हृदयाचा विद्युत् आलेख (ईसीजी) वेदना नसताना पुष्कळदा निर्दोष येतो, म्हणून रुग्णाची हकीगत नीट ऐकून घेणे फार मोलाचे. रुग्ण सहसा ‘दुखते’ म्हणत नाही. ‘छाती भरून येते’, ‘दाब पडतो’ असे सांगतो आणि सांगताना बोट एका जागी न ठेवता मूठ छातीवर ठेवतो. कळ डाव्या हातात, खांद्यात, गळ्यात किंवा जबड्यात जाते. थंडी आणि संताप यांनीही ती उठते. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात नुसती धाप, मळमळ किंवा थकवा एवढेच जाणवू शकते. ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा खाऊन वेळ काढणे घातक ठरते ते याचमुळे.

ठरावीक श्रमाने येणारी आणि काही मिनिटांत शमणारी वेदना ‘स्थिर’ मानतात. ती कमी श्रमात, वारंवार किंवा बसल्या जागी येऊ लागली, तर पुटाला चीर पडून गुठळी धरत असल्याचा संभव असतो. ही तातडीची स्थिती आहे. विश्रांतीनेही कळ थांबली नाही, घाम फुटला, तर हृदयविकाराचा झटका समजून रुग्णवाहिका (महाराष्ट्रात १०८) बोलवावी. रुग्णाने स्वतः गाडी चालवू नये. काहींना रोहिणीच्या आकडीमुळे रात्री किंवा पहाटे वेदना होते. हा प्रकार मायरन प्रिंझमेटल यांनी १९५९ मध्ये वर्णिला.

विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये हृदयशूळावर नायट्रोग्लिसरीनचा उपयोग प्रसिद्ध केला. त्याच कुळातली सॉर्बिट्रेटची गोळी आपल्याकडे अनेकांच्या खिशात असते. ती डॉक्टरांनी लिहून दिली असेल तरच, बसून जिभेखाली धरावी, कारण रक्तदाब उतरून घेरी येऊ शकते. सिल्डेनाफिल हे औषध घेतलेल्याने ती घेऊ नये. बीटारोधके ही औषधे हृदयाची गती आणि गरज दोन्ही घटवतात. ॲस्पिरिन व स्टॅटिन झटक्याचा धोका कमी करतात, तंबाखू सोडणेही तितकेच आवश्यक.

आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७७ मध्ये झुरिकला फुग्याने रोहिणी रुंदावली आणि अँजिओप्लास्टीचे युग सुरू झाले. मात्र स्थिर हृदयशूळात स्टेंटने (रोहिणी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीने) वेदना कमी होते, आयुष्य वाढतेच असे नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इस्कीमिया’ चाचणीत सुरुवातीलाच रोहिणी मोकळी करण्याचा मार्ग धरलेल्या आणि सुरुवातीपासून औषधांवर ठेवलेल्या रुग्णांच्या मृत्यूंत ठळक फरक आढळला नाही. डाव्या मुख्य रोहिणीचा अडथळा आणि अस्थिर वेदना यांचा निर्णय वेगळा. तिथे विलंब परवडत नाही.