शालेय संगणक : यंत्र आणि रीत

१९८२ साली चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. १९८३ मध्ये चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. १९८४ मध्ये देशातील शाळांत संगणक पोचवणारी पहिली मोठी योजना, 'क्लास', सुरू झाली. या तीन घटनांचा एकमेकींशी तसा संबंध नाही. पण या दोन वनजिल्ह्यांतील माध्यमिक शाळेत संगणक शिकवायचा म्हटले, की अंतर, वीज आणि यंत्र हे तिन्ही प्रश्न एकदमच समोर येतात. म्हणून हा इतिहास थोडक्यात पाहू.

'क्लास'साठी प्रारंभी देशभरातून सुमारे २५० शाळा निवडल्या गेल्या. त्यांना मिळालेला संगणक म्हणजे ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीचा 'बीबीसी मायक्रो'. त्याची स्मृती होती ३२ किलोबाइट. आजच्या मोबाइलवर काढलेले एक छायाचित्रही तीत मावणार नाही. बटण दाबले की पडद्यावर 'बेसिक' या भाषेचे नाव उमटे आणि यंत्र आज्ञेची वाट पाहत थांबे. त्यामुळे विद्यार्थ्याला पायऱ्या स्वतः मांडाव्या लागत. हा त्या यंत्राचा मोठा गुण होता. उणिवाही होत्या. शाळेमागे यंत्रे मोजकी, शिक्षकांचे प्रशिक्षण अल्प आणि सोबतचे बरेचसे साहित्य इंग्रजीत, ब्रिटिश शाळांसाठी तयार झालेले.

पुढे यंत्रे बदलली. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि 'एमएस-सीआयटी' हा अभ्यासक्रम तालुक्याच्या गावांपर्यंत पोचला. डिसेंबर २००४ मध्ये केंद्राची माध्यमिक शाळांसाठीची 'आयसीटी' योजना आली. तिच्यामुळे शाळांत संगणककक्ष उभे राहू लागले. मात्र त्याच काळात ग्रामीण महाराष्ट्र भारनियमन सोसत होता. राज्याला वीज पुरवणारा चंद्रपूर जिल्हा आणि त्याला लागून वीज येण्याची वाट पाहणारे वर्ग, असे ते चित्र होते.

शिकवण्याचा आशयही बदलला. आज्ञावली लिहिण्याऐवजी तयार आज्ञावली वापरणे हा मुख्य पाठ झाला. ते उपयोगी होतेच. पण पुष्कळदा कोणती आज्ञा कोणत्या यादीत आहे, हेच पाठ करून घेतले गेले. २००७ च्या 'ऑफिस'मध्ये या याद्यांची मांडणीच बदलली आणि ते पाठांतर वाया गेले.

मग टिकते काय? याचे उत्तर पुन्हा एकॉर्नमध्येच सापडते. 'बीबीसी बेसिक' लिहिणाऱ्या सोफी विल्सन यांनी पुढे स्टीव्ह फर्बर यांच्यासह नवा प्रोसेसर रचला. प्रत्यक्ष चिप हाती येण्यापूर्वी त्याचे प्रतिरूप त्यांनी बीबीसी बेसिकमध्येच लिहून तपासले. २६ एप्रिल १९८५ रोजी ती चिप चालली. तिचे नाव 'आर्म'. आज भामरागड किंवा एटापल्लीतल्या विद्यार्थ्याच्या हातातील मोबाइल बहुतेक याच घराण्यातील प्रोसेसरवर चालतो. यंत्र कालबाह्य झाले, पण प्रश्नाच्या पायऱ्या पाडून तो सोडवण्याची रीत टिकली. आम्हा संशोधकांचाही अनुभव असाच आहे. विद्यार्थी अडतो तो यंत्रापाशी क्वचितच. तो अडतो पायऱ्या मांडताना.

या रीतीची गरज इथे विशेष आहे. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या. विक्री गावाकडे आली, तसा हिशेबही गावाकडे आला. तो तपासता आला नाही, तर हक्क कागदावरच राहण्याची भीती असते.

म्हणून वर्गात तेंदूपत्त्याचाच हिशेब घेऊन पाहावा. पानांचे पुडे बांधतात आणि मजुरीचा दर शेकडा पुड्यांवर ठरतो. समजा, एका कुटुंबाने २४० पुडे आणले आणि दर शेकडा ५०० रुपये आहे. २४० ला १०० ने भागून ५०० ने गुणले की १२०० रुपये येतात. ही रीत विद्यार्थ्यांनी आधी फळ्यावर, स्वतःच्या शब्दांत लिहावी. त्यासाठी वीज लागत नाही. मग वीस कुटुंबांचा तक्ता करून तीच रीत संगणकावर किंवा मोबाइलवरील तक्त्यात सूत्र म्हणून घालावी.

एखाद्या गटाकडून १०० ने भागायचे राहून जाईल आणि उत्तर १,२०,००० येईल. शिक्षकाने ते लगेच दुरुस्त करू नये. एका कुटुंबाला एवढी मजुरी मिळेल का, एवढेच विचारावे आणि चूक कोणत्या पायरीवर झाली, हे मुलांनाच शोधू द्यावे.