कपातीचा अधिकार

अंदाजपत्रक मंजूर करणे हा कायदेमंडळाचा सर्वांत मोठा अधिकार, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो. परंतु बाकावर बसलेल्या सभासदाच्या बाजूने पाहिले म्हणजे हा अधिकार मोठा चमत्कारिक दिसतो. खात्याची मागणी त्याने मान्य करावी, फेटाळावी, किंवा कमी करावी. तीत एका रुपयाची भर घालण्याची मात्र त्यास मुभा नाही. १९३५ च्या कायद्यात हेच होते व राज्यघटनेच्या २०३ व्या कलमातही हेच आहे. अंधेरी किंवा मुलुंडच्या आमदारास शाळांसाठी अधिक पैसा हवा असला तर तो शिक्षणखात्याच्याच मागणीवर कपातसूचना आणतो व त्या निमित्ताने आपले गाऱ्हाणे मांडतो!

हे गाऱ्हाणे किती मोलाचे असू शकते, हे डॉ. आंबेडकरांनी दाखविले. १९२७ च्या फेब्रुवारीत सरकारनियुक्त सभासद म्हणून मुंबईच्या कौन्सिलात येताच त्यांनी जमेच्या बाजूवर बोट ठेवले. ठराविक मर्यादेखालील मिळकतीस प्राप्तिकर माफ. शेतसारा मात्र एखाद्या एकराच्या धन्यालाही चुकत नसे.

१९३९ साली ते निवडून आलेले विरोधी सभासद होते. दारूबंदीमुळे बुडणारे अबकारी उत्पन्न भरून काढण्यासाठी अर्थमंत्री अण्णासाहेब लठ्ठे यांनी शहरांतील स्थावर मिळकतीवर वार्षिक भाड्याच्या शेकडा १० कर सुचविला. लठ्ठ्यांचा हिशेब प्रामाणिक होता. आंबेडकरांचा आक्षेप हिशेबावर नसून क्रमावर होता: शिक्षण व आरोग्य उपाशी असता हा पैसा आधी दारूबंदीकडे का? आम्हांस हा प्रश्न आजही बिनतोड वाटतो. मात्र कुर्ला-घाटकोपरच्या मजुराच्या बायकोस कोणी विचारले असते, तर तिने कदाचित दारूबंदीलाच अग्रक्रम दिला असता. काँग्रेसच्या बहुमताने अंदाजपत्रक मंजूर झाले आणि १ ऑगस्टपासून मुंबई शहर व उपनगरांत दारूबंदी आली.

नोव्हेंबरात खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. दारूबंदीचा मूळ हुकूम १९४० साली हायकोर्टात टिकला नाही. तिच्यासाठी बसविलेला मिळकतीवरील कर मात्र त्याच हायकोर्टात टिकला. १९४६ मध्ये मंत्रिमंडळ पुन्हा अधिकारावर येईपर्यंत प्रांताचा जमाखर्च गव्हर्नरांच्या सहीने चालला, आणि त्यावर एका रुपयाची कपातसूचना आणावयासही सभागृहात कोणी नव्हते.