अडुसष्ट गुणिले पंच्याहत्तर

काळ्या-पिवळ्या पद्मिनीत बसून दादरहून व्हीटीला गेलेल्या माणसाला आपण रेसिंग कारच्या भावकीतून प्रवास करतोय असं कधी वाटलं नसेल. सीट खचलेली, गिअरचा दांडा स्टिअरिंगला लागून, फ्लायओव्हरच्या चढावर दमलेला आवाज. पण बॉनेटखाली जे धडधडत होतं, त्याची कुळकथा इटलीच्या शर्यतींपर्यंत जाते. आज नायगाव-वसईकडे कोणी जुनी फियाट उघडून बसला असेल, तर ही कुळकथा त्याच्या थेट कामाची आहे.

सुरुवात १९३७ सालची. फियाटने ५०८ सी नावाची साधी कौटुंबिक गाडी काढली. सिलिंडरचा व्यास ६८ मिलीमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलीमीटर, सिलिंडर चार. गणित केलं तर १०८९ सीसी. ताकद ३२ अश्वशक्तीच्या आसपास. गाडीचा अभियंता होता दान्ते जाकोसा.

मग महायुद्ध झालं. १९४६ साली तुरीनमधल्या पिएरो दुसिओ या उद्योजकाला रेसिंग कार बनवायची होती, पण नवीन इंजिन घडवण्याएवढे पैसे आणि माल तेव्हा इटलीत कोणाकडे होते? जाकोसाने त्याच्यासाठी फियाटच्या बाजारात मिळणाऱ्या भागांतूनच गाडी आखली. इंजिन तेच १०८९ सीसीचं. दाब वाढवला, तेलाची व्यवस्था बदलली आणि ताकद साठ अश्वशक्तीपर्यंत नेली. ही चिसितालिया डी-४६. पाठोपाठ आली चिसितालिया २०२. १९४७च्या मिल्ले मिलिया शर्यतीत चोपन्न वर्षांचा ताझिओ नुवोलारी या छोट्या इंजिनाच्या गाडीत दुसरा आला. त्याच्या पुढे होती ती २.९ लिटरची अल्फा रोमिओ. १९५१ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने गाड्यांचं प्रदर्शन भरवलं, त्यात पिनिनफारिनाने घडवलेली २०२ होती. आज ती त्या संग्रहालयाच्या कायमच्या संग्रहात आहे.

थोडक्यात, जगातल्या सगळ्यात देखण्या मानल्या गेलेल्या स्पोर्ट्स कारपैकी एक काटकसरीतून जन्मली होती.

आता कुर्ला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. सुरुवातीला तिथे क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या जात. १९५३ साली सरकारने धोरण ठरवलं की ज्यांना देशात सुटे भाग बनवायचे नाहीत, नुसती जुळणी करायची आहे, त्यांनी थांबावं. शिवडीला १९२८पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स गेली, फोर्डही गेली. प्रीमियर राहिली आणि तिने फियाट ११०० हाती घेतली. इंजिनात सुधारणा झाल्या होत्या, पण माप जुनंच होतं, ६८ गुणिले ७५. १९७४ साली तिचं नाव पद्मिनी झालं. या शतकाच्या सुरुवातीला उत्पादन थांबलं. कारखान्याच्या जागेवर आता कोहिनूर सिटी आहे. नाव उरलं ते प्रीमियर रोडचं.

त्या धोरणाचा एक परिणाम गॅरेजात दिसला. परदेशी गाड्यांना पार्ट मिळेनात, तेव्हा मिस्त्रींनी ते लेथवर करायला सुरुवात केली. 'नवीन टाका'ऐवजी 'बघू, करून देतो' म्हणणारी एक अख्खी पिढी तयार झाली. कमी पैशात इंजिन बांधायची विद्या इथे शौकातून आली नाही, टंचाईतून आली.

ही विद्या म्हणजे मुळात मोजमाप. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या रिंगची धाव जिथे संपते तिथे जास्त झिजतो आणि अंडाकृती होतो. झीज थोडी असेल तर नुसत्या रिंगांवर भागतं, नाहीतर बोअर करावं लागतं. पण आधी ओव्हरसाइझ पिस्टन हातात घ्यायचे, मगच त्यांच्या मापाने बोअर करायचं. उलट केलं तर ब्लॉक कापून बसतो आणि त्या मापाचे पिस्टन सापडत नाहीत. ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकलं असेल तर फेस करावं लागतं. मात्र दरवेळी धातू कमी होतो, ज्वलनाची जागा आक्रसते आणि दाब वाढतो. जाकोसाने शर्यतीसाठी मुद्दाम वाढवलेला दाब इथे चुकून वाढतो आणि इंजिन ठोकायला लागतं. पैसे वाचवायचे तर रंगात आणि क्रोममध्ये वाचवावेत. बेअरिंग, ऑइल पंप आणि गॅस्केटमध्ये नाही.

या कामाला नायगावचा परिसर सोयीचा आहे. जूचंद्र, बापाणे ओलांडून हायवेला लागलं की पुढे सातिवली, वालीव, गोखिवऱ्याचे औद्योगिक गाळे लागतात. लेथ, ग्राइंडिंग, वेल्डिंग सगळं हाकेच्या अंतरावर. कोळीवाड्याला इंजिन खोलणं नवीन नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात, तेव्हाच त्यांच्या मशीनची कामं निघतात. अडचण दुसरीच आहे. खाडी आणि मिठागरांवरून येणारी खारी हवा पत्रा खाते. इंजिन दुरुस्त होतं, खालचा फ्लोअर गळून पडतो. म्हणून इथे आधी गाडीच्या पोटाखाली वाकून बघावं, मग बॉनेट उघडावं.

पार्टही आटत चाललेत. ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. टॅक्स्या होत्या तोवर त्यांच्या जोरावर दुकानं चालायची आणि शौकीन माणसाला पार्ट सहज मिळायचा. गर्दी गेली तसं दुकान गेलं. मग स्वस्त सल्ला मिळतो, 'कशाला एवढा खटाटोप, दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवून टाक.'

इथे कायदा आडवा येतो. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन एवढ्यापुरतीच. पण अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. १९७४ची पद्मिनी आता या वयात आली आहे. तिच्यात परकं इंजिन बसवलं तर दोन वर्षं आरामात पळेल, पण व्हिंटेज म्हणून नोंदवताना अडेल.

मूळ ब्लॉक जपण्याला आणखी एक वाट आहे. अर्धा मिलीमीटर बोअर वाढवलं की १०८९चे सुमारे ११०६ सीसी होतात. असं दोन-तीनदा करता येतं, मग भिंत पातळ होते. तेव्हा जाणता लेथवाला ब्लॉकमध्ये नवीन स्लीव्ह ठोकतो आणि आतून कापून पुन्हा मूळ मापाला आणतो. बरोबर अडुसष्ट.