शेवटचं ठीक कधी पाहिलं होतं? : अँब्युलन्समध्ये मेंदू तपासायला शिकण्याचा इतिहास

मराठीत आपण म्हणतो, "त्यांच्या अंगावरून वारं गेलं." या वाक्यात वारं येतं, जातं आणि माणूस लुळा पडतो. आजूबाजूच्या लोकांना त्यात काही कामच नाही. इंग्रजीतला 'स्ट्रोक' हा शब्दही तसाच, म्हणजे फटका. त्याआधीचा ग्रीक शब्द 'अपोप्लेक्सिया', त्याचाही अर्थ फटका बसून कोसळणं. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सूत्रांमध्ये या आजाराबद्दल एक सूत्र आहे. त्याचा आशय असा, की झटका मोठा असेल तर तो बरा करणं अशक्य, आणि छोटा असेल तरी सोपं नाही.

ही हताशा दोन हजार वर्षांहून जास्त टिकली. उपचारच नसेल तर आजार दहा मिनिटं आधी ओळखून करायचं काय? म्हणून कुणी घाई केली नाही. आज मात्र अँब्युलन्समधून आलेला माणूस घरच्यांना पहिल्या काही वाक्यांतच विचारतो, "यांना शेवटचं ठीक कधी पाहिलं होतं?" हा प्रश्न महत्त्वाचा कसा झाला, त्याची ही गोष्ट. मी डॉक्टर नाही, विज्ञानाची विद्यार्थिनी आहे. माझं लक्ष इथे एकाच गोष्टीवर आहे: हॉस्पिटलमधली तपासणी रस्त्यावर करता यावी म्हणून ती छोटी कशी केली गेली, आणि छोटी करताना काय सुटलं.

आत काय झालंय, हे कळायलाच तीनशे वर्षं

१६५८ साली स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेन गावच्या योहान याकोब वेप्फर या डॉक्टरने शवविच्छेदनं करून दाखवलं, की असा झटका मेंदूत रक्तस्राव झाल्याने येऊ शकतो. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या तुंबूनही येऊ शकतो, हेही त्याने मांडलं. म्हणजे एकाच दिसणाऱ्या आजाराची दोन अगदी उलटी कारणं: एकात नळी फुटलेली, दुसऱ्यात नळी बंद. पण जिवंत माणसात यातलं कुठलं, हे बाहेरून नक्की सांगता येत नव्हतं. ते दिसू लागलं १ ऑक्टोबर १९७१ नंतर. त्या दिवशी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलमध्ये गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला.

याच सुमाराला हॉस्पिटलच्या दाराबाहेर काय परिस्थिती होती? अमेरिकेत १९६६ साली नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसचा अपघाती मृत्यूंवरचा एक अहवाल आला. त्यातून लक्षात आलं, की देशातल्या साधारण निम्म्या अँब्युलन्स सेवा अंत्यविधी करणारे व्यावसायिकच चालवतात. कारण साधं होतं, माणूस आडवा झोपू शकेल एवढी लांब गाडी त्यांच्याकडेच होती! अशा गाडीचं काम एकच, माणसाला उचलून नेणं.

हे बदलणाऱ्या पहिल्या प्रयोगांपैकी एक म्हणजे पिट्सबर्गची 'फ्रीडम हाउस' सेवा. १९६७ साली ती सुरू झाली. डॉ. पीटर सफार यांनी हिल डिस्ट्रिक्ट या गरीब वस्तीतल्या कृष्णवर्णीय तरुणांना प्रशिक्षण देऊन रस्त्यावर उतरवलं. डॉक्टर नसलेला पण नीट शिकवलेला माणूस गाडीतच उपचार सुरू करू शकतो, हे त्यांनी करून दाखवलं. १९७५ मध्ये शहराने ही सेवा बंद केली, पण कल्पना टिकली. आता प्रश्न असा, की या माणसाला मेंदूबद्दल नेमकं काय शिकवायचं?

'अर्धवट बेशुद्ध' म्हणजे किती?

पहिलं उत्तर स्कॉटलंडमधून आलं. ग्लासगोचे ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांना दिसत होतं, की डॉक्टर मंडळी 'गुंगीत', 'अर्धवट बेशुद्ध', 'खोल बेशुद्ध' असे शब्द आपापल्या अर्थाने वापरतात. सकाळच्या डॉक्टरचं 'अर्धवट' आणि संध्याकाळच्या डॉक्टरचं 'अर्धवट' एकच आहे की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. मग रुग्ण सुधारतोय की बिघडतोय हे कसं ठरवणार?

१९७४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी सुचवलं, की शब्द सोडा, तीन गोष्टी बघा. डोळे कशाने उघडतात, माणूस काय बोलतो आणि हात-पाय कसे हलवतो. आजच्या रूपात डोळ्यांना ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६ असे जास्तीत जास्त १५ गुण, आणि कमीत कमी ३. हीच ग्लासगो कोमा स्केल. हिला यंत्र लागत नाही. नर्स करू शकते, अँब्युलन्समधला माणूसही करू शकतो. आणि घटनास्थळी १३ असलेला रुग्ण हॉस्पिटलच्या दारात ९ वर आला असेल, तर तो उतरलेला आकडाच सगळ्यात मोठी बातमी असते.

१९९५: घड्याळ सुरू झालं

आता परत स्ट्रोककडे. १९८१ मध्ये अ‍ॅस्ट्रप, सीस्यो आणि सायमन या संशोधकांनी 'इस्केमिक पेनम्ब्रा'ची कल्पना नीट मांडली. पेनम्ब्रा म्हणजे ग्रहणातली उपच्छाया. रक्त तुटलेल्या भागाचा गाभा लवकर मरतो, पण त्याच्या भोवती एक पट्टा असतो. तिथल्या पेशी बंद पडलेल्या असतात, मेलेल्या नसतात. रक्त वेळेत परत मिळालं तर त्या वाचतात.

हे प्रत्यक्षात जमतं का, याचं उत्तर डिसेंबर १९९५ मध्ये मिळालं. अमेरिकेतल्या एनआयएनडीएस चाचणीत ६२४ रुग्ण होते. गुठळी विरघळवणारं टीपीए हे औषध त्रास सुरू झाल्यापासून ३ तासांच्या आत द्यायचं, असा नियम होता. ज्यांना औषध मिळालं, त्यांना तीन महिन्यांनी अपंगत्व अजिबात नसण्याची किंवा अगदी किरकोळ असण्याची शक्यता निदान ३० टक्क्यांनी जास्त होती. पण किंमतही होती. मेंदूत त्रासदायक रक्तस्राव औषधाच्या गटात ६.४ टक्के लोकांना झाला, दुसऱ्या गटात ०.६ टक्के. म्हणजे आधी सीटी स्कॅन हवाच. फुटलेल्या नळीच्या रुग्णाला हे औषध दिलं तर त्याचा जीव जाऊ शकतो.

जून १९९६ मध्ये या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं, की ३ तास म्हणजे काहीच नाही. घरच्यांनी ओळखायचं, फोन करायचा, गाडी यायची, हॉस्पिटल गाठायचं, स्कॅन, रक्ततपासणी. पुढे जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये हिशोब मांडला, की मोठी रक्तवाहिनी बंद झाल्यावर सरासरी दर मिनिटाला १९ लाख न्यूरॉन मरतात. हा अंदाज आहे, पण घाई कशाची ते त्यातून कळतं.

लांब तपासणीला कात्री

स्ट्रोकची तीव्रता मोजायची एनआयएच स्केल डॉक्टरांकडे होतीच. ती १९८९ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यामागे सिनसिनाटी विद्यापीठाच्या लोकांचं मोठं काम होतं. आज तिच्यात ११ घटक आणि जास्तीत जास्त ४२ गुण आहेत. हॉस्पिटलमध्ये ठीक आहे, पण तिसऱ्या मजल्यावरच्या अरुंद खोलीत, घरचे रडत असताना ती कोण करणार?

मग त्याच सिनसिनाटीतल्या रशमी कोठारी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये तिला कात्री लावली आणि तीनच गोष्टी ठेवल्या. हसायला सांगा, चेहऱ्याची एक बाजू ओघळते का? डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक खाली येतो का? एक साधं वाक्य म्हणायला सांगा, बोबडं येतं का? झालं, एका मिनिटाच्या आत.

इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये 'फास्ट' ही जवळची चाचणी तयार केली. त्यातला एक फरक मला फार आवडतो. ठरलेलं वाक्य म्हणून घेण्याऐवजी त्यांनी साध्या गप्पांमधलं बोलणं ऐकायला सांगितलं. अमेरिकन वाक्य मराठीत भाषांतर करून म्हणायला लावण्यात अर्थ नाही, पण आजोबा रोज कसे बोलतात हे घरातल्या माणसाला पक्कं माहीत असतं. इथे घरचा माणूस डॉक्टरच्याही पुढे आहे.

लॉस एंजेलिसच्या चाचणीने आणखी एक गोष्ट जोडली, ती म्हणजे रक्तातली साखर. मधुमेहाच्या रुग्णाची साखर खूप उतरली, तर तो हुबेहूब स्ट्रोकसारखा दिसू शकतो. बोटाला सुई टोचून हे मिनिटभरात कळतं आणि ग्लुकोज देऊन तिथल्या तिथे सुधारता येतं.

आकडी: शीर शोधायची की मांडी?

आकडीच्या बाबतीत कात्री उपचारालाच लागली. फिट न थांबता चालू राहिली तर मेंदूला इजा होते. पूर्वी 'थांबत नाही' म्हणजे ३० मिनिटं असं मानत. १९९९ मध्ये लोवेनस्टीन आणि सहकाऱ्यांनी म्हटलं, की ५ मिनिटांनंतर वाट पाहू नका, कारण तोपर्यंत आपोआप थांबणारी फिट बहुधा थांबलेली असते.

पण अँब्युलन्समध्ये औषध द्यावं का? भीती होती, की श्वास मंदावेल. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २०५ रुग्णांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००१ मध्ये आले. हॉस्पिटलला पोहोचेपर्यंत फिट थांबली होती लोराझेपाम दिलेल्या ५९ टक्के लोकांची, डायझेपाम दिलेल्या ४३ टक्के लोकांची, आणि औषध नसलेलं इंजेक्शन दिलेल्या फक्त २१ टक्के लोकांची. श्वासाचे आणि रक्ताभिसरणाचे त्रास औषधाच्या गटांत वाढले नाहीत. थोडक्यात, औषध न देणंच जास्त धोक्याचं होतं.

तरी एक अडचण उरली. झटके देणाऱ्या हातात शीर सापडणार कशी? २०१२ च्या रॅम्पार्ट चाचणीत ८९३ रुग्ण होते. एका गटाला शिरेतून लोराझेपाम, दुसऱ्याला मांडीच्या स्नायूत मिडाझोलाम. स्नायूतलं औषध भिनायला वेळ जास्त घेतं, पण ते द्यायला लागली १.२ मिनिटं आणि शिरेतल्याला ४.८. पोहोचेपर्यंत फिट थांबलेले रुग्ण होते ७३ टक्के विरुद्ध ६३ टक्के. मांडी जिंकली!

कात्रीत काय पडलं?

छोटी चाचणी म्हणजे काहीतरी सोडलेली चाचणी. चेहरा, हात, बोलणं हे तिन्ही मुख्यतः मेंदूच्या पुढच्या भागाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांबद्दल सांगतात. लहान मेंदूत आणि मागच्या भागात स्ट्रोक झाला, तर माणूस नीट हसतो, हात धरतो, बोलतो, पण त्याला उभं राहता येत नाही, किंवा एकाची दोन दिसतात. मग 'चक्कर आली, अ‍ॅसिडिटी असेल' म्हणून तो घरीच झोपून राहतो. केंटकीमधल्या ७३६ रुग्णांच्या २०१७ च्या अभ्यासात 'फास्ट'ने १४.१ टक्के स्ट्रोक निसटत होते. तोल आणि नजर या दोन गोष्टी जोडल्यावर ते प्रमाण ४.४ टक्क्यांवर आलं. म्हणून आता अनेक ठिकाणी 'बी-फास्ट' शिकवतात.

जर्मनीत उलटा विचार झाला: तपासणी छोटी करण्यापेक्षा हॉस्पिटलच गाडीत घालू. होम्बुर्गच्या क्लाउस फासबेंडर यांच्या गटाने २००८ मध्ये सीटी स्कॅनर बसवलेली अँब्युलन्स रस्त्यावर आणली. २०१२ च्या त्यांच्या चाचणीत फोन आल्यापासून उपचाराचा निर्णय होईपर्यंतचा वेळ ७६ मिनिटांवरून ३५ वर आला. पण ही गाडी महाग, आणि तीही कुणीतरी फोन केल्यावरच निघते.

आणि आपल्याकडे

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, ९३७ रुग्णवाहिकांसह, त्यातल्या २३३ प्रगत उपकरणांच्या. गाडीत डॉक्टर असतो. म्हणजे वर सांगितलेलं बरंचसं शक्य आहे. पण पिट्सबर्गपासून होम्बुर्गपर्यंत सगळी गोष्ट ज्या एका माहितीवर उभी आहे, ती गाडीतल्या डॉक्टरकडे नसते. ती तुमच्याकडे असते.

गुठळीच्या औषधाची मुदत २००८ च्या एका चाचणीनंतर साडेचार तासांपर्यंत वाढली. निवडक रुग्णांमध्ये मोठी गुठळी नळी घालून २४ तासांपर्यंतही काढता येते. पण हे घड्याळ नेमकं कधी सुरू होतं? सकाळी सहाला आजी उठल्या आणि तोंड वाकडं दिसलं, तर 'सहा वाजता झालं' असं सांगू नका. रात्री अकराला त्या व्यवस्थित पाणी पिऊन झोपल्या असतील, तर हिशोब अकरापासून. मधे दोनला बाथरूमला गेल्या आणि सुनेशी नीट बोलल्या असतील, तर दोनपासून. सुनेचं ते एक वाक्य उपचार मिळणार की नाही हे ठरवू शकतं, म्हणून तिला गाडीत बरोबर न्या, किंवा तिचा फोन चालू ठेवा.

बाकी गोष्टी थोड्या आहेत. लक्षणं पाच-दहा मिनिटांत गेली तरी फोन करा. तोंडात पाणी, चहा, गोळी काही घालू नका, कारण गिळता येत नसेल तर ते फुफ्फुसात जातं. हार्ट अटॅकसारखी अ‍ॅस्पिरिनही स्वतःहून देऊ नका, स्कॅनआधी नळी फुटलीय की तुंबलीय ते कळत नाही. रोजच्या औषधांची पिशवी बरोबर घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधी सांगा. सीटी स्कॅन आणि स्ट्रोकचे उपचार असलेलं जवळचं हॉस्पिटल कुठलं, हे आजच विचारून ठेवा.

फिट आली असेल तर कांदा, चप्पल, किल्ली, काही शोधू नका, दातांत चमचा घालू नका. आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा, झटके थांबले की कुशीवर वळवा, आणि सुरुवातीलाच घड्याळ बघा. पाच मिनिटं झाली, किंवा माणूस शुद्धीवर न येता दुसरी फिट आली, तर लगेच १०८.

पुढच्या लेखात उपच्छायेतल्या पेशी किती वेळ तग धरतात आणि माणसामाणसात त्यात एवढा फरक का पडतो, ते बघू.