बिट-फ्लॅग (पायथन)

अनेक होय-नाही पर्याय एकाच पूर्णांकात साठवून त्यांना नावे देण्याची पायथन भाषेतील सोय. ‘इनम’ मॉड्यूल ३.४ या आवृत्तीत आले; त्यातले ‘फ्लॅग’, ‘इंटफ्लॅग’ आणि ‘ऑटो’ डिसेंबर २०१६ मधल्या ३.६ पासून मिळू लागले.

प्रत्येक मूळ पर्यायाची किंमत दोनाचा घात असते: १, २, ४, ८. त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला स्वतंत्र बिट येतो. युनिक्समधील फाइल-परवानग्या हे याचे जुने आणि आजही रोजच्या वापरातले उदाहरण: वाचन ४, लेखन २, चालवणे १. वाचन | लेखन म्हणजे ६; त्यात लेखन आहे का, हे & ने तपासता येते. नुसता ६ वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही, फ्लॅग मात्र छापला की घटकांची नावे दाखवतो. डिबगिंग करताना हे फार मोलाचे ठरते.

किमती हाताने लिहिताना ४ च्या जागी ३ पडला, तर नवा पर्याय तयारच होत नाही, पहिल्या दोघांची जोडी होते. आणि पायथन तक्रारही करत नाही. म्हणून किमती आपोआप देणारे ‘ऑटो’च वापरावे.

‘इंटफ्लॅग’ला पूर्णांकांशी सरमिसळ चालते. रेग्युलर एक्स्प्रेशनच्या ‘आरई’ मॉड्यूलमध्ये तोच आहे: इग्नोरकेस २, मल्टीलाइन ८, एकत्र १०. जुन्या कोडशी जुळवून घ्यायचे नसेल, तर साधा ‘फ्लॅग’ अधिक सुरक्षित. अनोळखी बिट दिसला की तो ‘व्हॅल्यूएरर’ देतो. इंटफ्लॅग तसा बिट ठेवून घेतो. ३.११ मध्ये आलेल्या ‘बाउंडरी’मुळे हे वागणे प्रत्येक क्लाससाठी वेगळे ठरवता येते.