उंदराचा टायफॉइड

जर्मनीच्या उत्तर किनाऱ्याजवळ ग्राइफ्सवाल्ड नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथल्या आरोग्यशास्त्र संस्थेत प्रयोगासाठी पाळलेले उंदीर १८९०च्या आसपास पटापट मरू लागले. संस्थेत होते फ्रीडरिश लोफलर, घटसर्पाचा जंतू वाढवून दाखवणारे. उंदीर फेकून नवे मागवण्याऐवजी त्यांनी मेलेल्यांची चिरफाड केली, जंतू हुडकला आणि १८९२मध्ये त्याला उंदराच्या टायफॉइडचा जंतू म्हणून जाहीर केलं. आज तो साल्मोनेला टायफिम्युरियम म्हणून ओळखला जातो.

लोफलरांना त्यात दिसलं ते मात्र उंदीर मारण्याचं औषध. त्याच वर्षी ग्रीसमध्ये थेसलीच्या शेतांत उंदरांनी उच्छाद मांडला होता. ग्रीक सरकारच्या बोलावण्यावरून लोफलर तिकडे गेले. जंतूंच्या पाण्यात भिजवलेले पावाचे तुकडे बिळाबिळांत टाकले गेले. पुढे अशाच जंतूंची आमिषं बाजारातही आली. पण हा जंतू माणसालाही सोडत नाही. लोक आजारी पडू लागले आणि हळूहळू तो धंदा बसला.

प्रयोगशाळेत मात्र या जंतूचं बस्तान बसलं. माणसाचा टायफॉइडचा जंतू उंदराला लागतच नाही. टायफिम्युरियम लागतो, आणि यकृत-पानथरीत उतरून टायफॉइडसारखाच आजार करतो. म्हणून टायफॉइडविरुद्धची प्रतिकारशक्ती अभ्यासायला उंदीर चालून गेला. गोम अशी की हाच जंतू माणसाच्या पोटात गेला तर सहसा जुलाब, ताप, पोटात कळा एवढ्यावर भागतं. आतड्याची ती जळजळ उंदरात काही केल्या नीट दिसेना.

वाट सापडली ती वेगळ्याच प्रश्नातून. १९५४मध्ये शिकागोत मार्जरी बोनहॉफ आणि फिलिप मिलर यांच्या गटाने उंदरांना आधी स्ट्रेप्टोमायसिन दिलं आणि मग त्या औषधाला न जुमानणारा साल्मोनेला पाजला. एरवी लाखभर जंतू लागायचे, तिथे दहाहून कमी जंतूंनी लागण होऊ लागली. जंतू मारणाऱ्या औषधानेच जंतूला दार उघडून दिलं होतं! आतड्यात मुक्काम ठोकून असलेले निरुपद्रवी जंतू औषधाने साफ झाले होते, आणि खरा पहारा त्यांचाच होता.

आतड्याची जळजळ अभ्यासायला ही युक्ती जवळजवळ पन्नास वर्षं फारशी कुणी वापरली नाही, याचं मला नवल वाटतं. २००३मध्ये झुरिकच्या वोल्फ-डिट्रिश हार्ट यांच्या गटाने ती नव्याने हाती घेतली. उंदराला तोंडावाटे २० मिलिग्रॅम स्ट्रेप्टोमायसिन, दुसऱ्या दिवशी साल्मोनेला. एक-दोन दिवसांत अंधांत्र, म्हणजे लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची पिशवी, आक्रसून फिकट पडते. तिच्या भिंतीला सूज येते आणि न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी भिंत ओलांडून आतल्या पोकळीत उतरतात. जुलाबामागची हवी होती ती जळजळ अखेर पिंजऱ्यात आली. याच उंदरांनी पुढे एक उफराटी गोष्ट दाखवली: जळजळ साल्मोनेलाच्या पथ्यावर पडते, कारण तिच्यात त्याचे प्रतिस्पर्धी आधी हटतात.

एक अडचण उरलीच. जगभर सर्वाधिक वापरला जाणारा सी५७ब्लॅक/६ हा वाण १९२१मध्ये क्लॅरेन्स लिटल यांनी सुरू केलेल्या वंशातला. त्याच्या एका जनुकात खोट आहे. माँट्रियलच्या संशोधकांनी १९९३मध्ये शोधलेलं हे जनुक, एनरॅम्प१, जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशीला जंतूच्या कोठडीतून लोहासारखे धातू उपसून काढायला मदत करतं. ते बिघडलेलं असलं की जंतूची उपासमार होत नाही, आणि उंदीर आठवडाभरातच दगावतो. प्रतिकारासाठी शरीर बनवतं त्या अँटिबॉडी तयार व्हायला तर त्याहून जास्त दिवस लागतात. मग संशोधक १२९सारखा दमदार वाण घेतात, किंवा जंतूच दुबळा करून वापरतात, किंवा आधी लस पाजतात.

लसीचा मार्ग फळाला आला. मेलेले साल्मोनेला पाजलेल्या उंदरांच्या आतड्यात आयजीए नावाची अँटिबॉडी तयार होते. ती जंतूला मारत नाही. २०१७मध्ये हार्ट आणि एमा स्लॅक यांच्या गटाने तिचं काम दाखवलं: जंतू दुभंगतो तेव्हा दोन्ही पिल्लं तिच्यामुळे एकमेकांना चिकटूनच राहतात. त्यांचीही पिल्लं तशीच. वाढता वाढता एकाच घराण्याचा गठ्ठा होतो, त्याला आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचता येत नाही, आणि तो विष्ठेबरोबर बाहेर पडतो.